पाय लावण्याआधी

बहरीनला तू काय करतेस असं गावाकडून कुणी विचारलं, की विशाखा 'पार्लरात असते' एवढंच सांगून विषय बदलायची. ते खोटं नव्हतं. मुहर्रकच्या एका जुन्या गल्लीत आतिकाबाईंचं फक्त बायकांसाठीचं पार्लर होतं आणि तिथे ती भुवया कोरायची. पण गेलं वर्षभर ती पार्लरच्या मागच्या खोलीत थाई मसाज शिकत होती, हे मात्र तिनं माहेरी सांगितलेलं नव्हतं. मसाज म्हटलं की आपल्या लोकांच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं ते तिला बघायचं नव्हतं. हेच लोक घरात बाळंतीण आली की चोळणारी बाई शोधत गाव पालथं घालतात, तेव्हा कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही.

खोलीत जमिनीवर एक जाड गादी, बस्स. तेल नाही की कपडे उतरवणं नाही. येणारी बाई सैल सुती कपड्यांत आडवी व्हायची. नोई, थायलंडहून आलेली पन्नाशीची बाई, आधी गुडघ्यांवर बसून डोळे मिटून हात जोडायची आणि मग पावलांपासून दाबत दाबत वर जायची. तळहात, कोपर, गुडघा, तळपाय, सगळं कामाला लावायची. विशाखाला वाटलं होतं, हा अंगातल्या जोराचा खेळ असणार. नोईनं पहिल्याच दिवशी मान हलवली आणि इथेच शिकलेल्या मोडक्या हिंदीत सांगितलं. "ताकद नहीं. हाथ छोटा, बॉडी बड़ा. बॉडी का वजन दो, धीरे. हड्डी पे कभी नहीं."

दुखणं कायमचं जाईल असं नोईनं कुणाला कधी सांगितलं नाही. ताप असेल, पोटुशी असेल, पाय सुजला असेल तर ती सरळ परत पाठवायची. आखडलेलं सुटतं, श्वास खोल जातो, झोप लागते, एवढंच तिचं म्हणणं. आणि ते विशाखानं डोळ्यांनी पाहिलं होतं. दिवसभर कॉम्प्युटरपुढे मान अडकलेल्या बायका खोलीत शिरताना वेगळ्या असायच्या आणि बाहेर पडताना वेगळ्या. कुणाचं तरी ओझं आपल्या हातांनी हलकं होतं हे बघायची तिला चटक लागली. भुवया कोरून असं कधी वाटलं नव्हतं.

सगळं जमलं, पायाचं सोडून. मांडीवर, पोटरीवर पाऊल टेकवून वजन द्यायची वेळ आली की ती अडायची. त्यात तिचा दोष तो काय? लहानपणापासून हेच कानावर. पाय लावू नको, पाय पसरून बसू नको, पाय आवर. चुकून कुणाला पाय लागला तर त्या माणसाला हात लावून तो हात आपल्या छातीला लावायचा. हे आता तिच्या डोक्यात नव्हतंच, हातातच जाऊन बसलं होतं.

नोई कायमची मायदेशी परतणार असं ठरलं, तेव्हा आतिकाबाईंनी तिची एक नेहमीची गिऱ्हाईक विशाखाकडे सोपवून पाहिली. जवळच्या अरादची एक वयस्क बहरीनी बाई, स्वभावानं गोड. विशाखानं तिच्या मांडीला पाऊल टेकवलं, वजन दिलं आणि लगेच वाकून तिला हात लावून छातीला लावला. पुन्हा पाऊल, पुन्हा वाकणं, पुन्हा छाती. ओठांत 'देवा, देवा' चाललेलं. बाईनं एक डोळा उघडून हे सगळं पाहिलं आणि ताडकन उठून बसली.

"ये क्या पढ़ता है मेरे ऊपर?" ही काही मंतरतेय असं वाटून ती म्हणाली. "खलास, खलास." अबाया सावरत ती निघूनही गेली.

आतिकाबाई मूळच्या श्रीवर्धनच्या. रागावल्या की त्यांचा आवाज उलट खाली जायचा. "विशाखा, गुरुवारी नोई स्वतः तुझ्या हाताखाली झोपेल. तिनं हो म्हटलं तर खोली तुझी. नाही तर मी तिथे हेअर स्पाच्या खुर्च्या टाकते. माझाही इलाज नाही. इंशाल्ला जमेल तुला."

म्हणजे जमलं नाही तर पुन्हा दोरा आणि भुवया, जन्मभर. विशाखाला रडूच आलं.

घरी सराव कुणावर करणार? नवरा दत्तप्रसाद विमानतळावर सामान चढवायचा, पाठ कायम धरलेली. पण बायकोचं पाऊल पोटरीला टेकलं की त्याला गुदगुल्या व्हायच्या आणि तो लहान पोरासारखा खिदळत सुटायचा. उरल्या सासूबाई. गंगूबाई दोन महिन्यांसाठी व्हिजिट व्हिसावर मालवणहून आल्या होत्या आणि त्यांच्यासमोर विशाखा अजून पाय दुमडूनच बसायची.

मंगळवारी दुपारी पाण्याची मोठी बाटली उचलताना गंगूबाईंच्या कमरेत उसण भरली. विशाखानं त्यांना सतरंजीवर पालथं निजवलं आणि अंगठ्यांनी कमरेच्या बाजू दाबायला घेतल्या. बऱ्याच वेळानं तिचे अंगठे भरून आले. ते गंगूबाईंच्या पाठीला कळलं.

"पायान दाबूक येता मां तुका? दत्तू सांगी होतो."

"येता, पण तुमका कसो पाय लावू, आई?"

 गंगूबाई तोंड सतरंजीत ठेवूनच म्हणाल्या, "मी पायाळू आसंय, म्हायत असा तुका?"

विशाखाला माहीत नव्हतं. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात ते मूल. अशा माणसाचा पाय लागला की उसण उतरते, असं तिकडे अजूनही मानतात.

"तेव्हा मी इतक्यासा चेडू," गंगूबाई सांगू लागल्या. "माझो आजो, शेजारचो गणपत, देवळातले भटजी, सगळी माझ्या फुड्यात पालथी पडत. मी भियायचंय. आजयेन सांगल्यान, पयलो भुंयेक हात लाव, मनात त्या माणसाक विचार, आणि मगे पाय ठेव. एकदा विचारलंस काय पुना पुना पाया पडाचा नाय. पडलंस तर गुण जाता."

विशाखाचे अंगठे थांबले. नोईचे ते गुडघ्यांवर बसून जोडलेले हात तिला आठवले. वर्षभर ती ते बघत होती, स्वतःही जोडत होती, पण उरकून टाकल्यासारखे. आता ती नीट गुडघ्यांवर बसली. फरशीला हात लावला. मनातल्या मनात म्हणाली, आई, ठेवू का? मग उठून तिनं कण्याला धक्का न लावता सासूच्या मांडीच्या मागे, मग कमरेच्या खालच्या भरीव भागावर पाऊल टेकवलं आणि हळूहळू वजन सोडलं. हात छातीकडे निघाला होता. तो तिनं वाटेत थांबवला.

"थयच," गंगूबाई म्हणाल्या. "थयच ठेव." आणि त्यांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला.

गुरुवारी नोई गादीवर पडली. विशाखानं हात जोडले, या वेळी घाई केली नाही. गुरूच्या अंगावर पाय देणं सासूपेक्षा अवघड, पण विचारून झालं होतं. पाऊल टेकत गेलं, उचलत गेलं. आतिकाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. काही वेळानं गादीवरून बारीकसं घोरणं ऐकू आलं. आतिकाबाई हसल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.

उठल्यावर नोई डोळे चोळत म्हणाली, "मैं भी पहले टीचर को पैर नहीं लगाती थी. बहुत रोती थी." मग तिनं खोलीची किल्ली विशाखाच्या हातात दिली.

विशाखा घरी आली तेव्हा गंगूबाई चक्क खाली बसून कोथिंबीर निवडत होत्या. आल्यापासून त्या खुर्ची सोडून कधी खाली बसल्या नव्हत्या. किल्ली बघून त्यांनी काही विचारलं नाही. विशाखा त्यांच्यासमोर बसली, नेहमीसारखी, गुडघे जवळ घेऊन.

गंगूबाईंनी कोथिंबिरीची जुडी बाजूला सारली.

"दिवसभर उभ्या रव्हलंस. पाय लांब कर गो," त्या म्हणाल्या.

विशाखा आधी घुटमळली. मग तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच सासूसमोर पाय पसरले.