एकाला सांगितलंय

चाचीच्या उजव्या हाताचं पहिलं बोट सरळ वर गेलं की समजायचं, वाद संपला. "एकाला सांगितलंय," एवढंच म्हणायची आणि हातोडा उचलायची. मग तुम्ही डोकं आपटा, नाहीतर गप्प बसा.

बहात्तरच्या दुष्काळात न्हावऱ्याच्या रस्त्यावर खडी फोडायला आम्ही दोघी एकाच ढिगावर बसायचो. त्याआधी चाची बाजाराच्या दिवशी बांगड्या भरायची. पण बायका दगड फोडायला लागल्यावर बांगड्या कुठं टिकणार? "तुमच्या मनगटांनी माझा धंदा बुडवला गं," असं म्हणत तीही हातोडा घेऊन आली. घरी चाचा दम्यानं खाटेला खिळलेले. कामावर खायला वाटायचे ती सुकडी आणि मजुरी यावरच त्या दोघांची चूल होती.

मी बौद्धवाड्यातली. बावीस प्रतिज्ञा घेतल्या तेव्हाच आमच्या घरानं देव नावाचं लफडं निकालात काढलेलं. त्यामुळं दुपारी गोणपाटावर नमाज झाल्यावर चाची तळवे उघडे धरून पुटपुटायला लागली, की माझी जीभ वळवळायची.

"काय मागतेस गं एवढं?"

"अजून मागितलं कुठं? त्याला म्हनत हुते, तू देशील ते अडवनारा कुनी न्हाई, आन् तू अडवशील ते देनारा कुनी न्हाई."

"ही तर नुसती स्तुती झाली!"

"आदी दार कुनाचं ते बगावं, मग कडी वाजवावी. आमच्या समद्या दुवा अशाच. तुज्याबिगर कुनी न्हाई, तुला भागीदार न्हाई, हे आदी. मग मीठ माग, न्हाईतर जन्नत माग."

एकदा शेजारच्या ढिगावरची कोंडाबाई म्हणाली, पीरबाबाला नवस बोलते, पाऊस पाडू दे. चाची म्हणाली, "पीरबाबा बी त्याच्याकडंच मागत हुते. मदी त्यांना कशाला तरास?" कोंडाबाई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

आता मुख्य गोष्ट. आप्पा म्हणजे तालुक्यातले पुढारी. सगळं गाव त्यांना वाकून असायचं. त्यांनी कामावर पाण्याचा टँकर सुरू करवला, आणि टँकर म्हटल्यावर मांडव आला, हार आले. मुकादमानं बायकांकडून 'आप्पा आमचे अन्नदाते' घोकून घेतलं. नारळ फोडायला गुरव, आणि दुवा मागायला चाची.

"आप्पांमुळं आमी जगलो, असं येऊ द्या त्यात," मुकादम म्हणाला.

"दुवा म्हनते. त्यात जे येतं ते यील."

चाचीनं डोक्यावर पदर घेतला, तळवे पसरले. ते पाहून आप्पांनीही लोकांना दिसावं म्हणून आपले तळवे तसेच पसरले. चाची आधी अरबीत म्हणाली. मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत: "या अल्ला, देनारा तू एकटा. आमी समदे मागनारे. ह्यो आप्पा बी तुज्या दारात हात पसरून हुबा हाय. आमच्यासंगं त्याच्या बी वंजळीत टाक. आमीन."

आप्पा खरंच हात पसरून उभे होते हो! मागून एक बाई फिस्सकन हसली, आणि मग सगळा मांडव हसला. आप्पांनी हात झटकून मागं घेतले.

दुसऱ्या दिवशी चाचीचं नाव हजेरीच्या मस्टरवरून गेलेलं. मुकादम म्हणाला, "जा, पाया पड आप्पांच्या. सांजच्याला नाव चढंल."

मीही म्हणाले, "चाची, अगं चाचांसाठी तरी. जरा वाकायचं तर आहे."

बोट वर गेलं. "एकाला सांगितलंय. वाकायची जागा ठरल्याली हाय, पोरी. दुसरीकडं ही पाठ वाकत न्हाई."

माझा जीव तुटत होता आणि छाती फुगत होती, दोन्ही एकदम. ती मात्र नेहमीच्या ढिगावर जाऊन बसली आणि हातोडा चालवायला लागली.

"तुजं नाव न्हाई हितं!" मुकादम ओरडला.

"दगडाला ठावं हाय का?" चाची म्हणाली.

सुकडी वाटताना तिला कुणी विचारलं नाही. मग आम्ही बायकांनी आपापल्यातली मूठमूठ तिच्या पदरात टाकली. तिनं तळवे उघडले आणि वर बघून पुटपुटली. कोंडाबाई तणतणली, "दिलं आमी, आन् आभार त्याचं?"

"तुजं बी मानते की. पन तुज्या मनात कुनी घातलं?"

"मी घातलं," मी म्हणाले. "सकाळपासून एकेकीला सांगत फिरतेय."

चाची खोकला येईपर्यंत हसली. "मग तुला त्यानं धाडलं."

"मला कुणी धाडत नसतं, चाची!"

हे भांडण आमचं शेवटपर्यंत मिटलं नाही.

त्याच आठवड्यात मोठे साहेब जीपमधून तपासणीला आले. आम्ही सगळ्याजणी हातोडे खाली ठेवून उभ्या राहिलो. मी पुढं होऊन सांगितलं, "रोज खडी फोडणारी बाई मस्टरवर नाही. ती चढल्याशिवाय दगड फुटणार नाही." मुकादमानं साहेबांसमोर नाव चढवलं. चाची आप्पांच्या वाड्यावर गेली नाही, आणि आप्पा पुन्हा कामावर फिरकले नाहीत.

दुष्काळ सरल्यावर बाजारात तिनं पहिल्या बांगड्या माझ्या हातात भरल्या. पुढं चाचा गेले आणि ती दौंडला लेकीकडं राहायला गेली. तिथंच तिचं शेवटचं दुखणं झालं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. लेकीनं माझे हात धरून सांगितलं.

चाचीची वाचा गेली होती, डोळे मिटलेले. डॉक्टर तपासायला आले, तसा जावयानं त्यांचा हात धरला आणि रडत म्हणाला, "साहेब, आता तुमीच आमचे देव!"

चादरीवरचं बोट सरळ वर गेलं.

डॉक्टर खाली वाकले. "काय पाहिजे, आजी?"

"काही न्हाई, साहेब," लेक म्हणाली. "तुमी देव न्हाई, असं सांगतीया."

डॉक्टर भला माणूस असावा. म्हणाला, "बरोबर आहे, आजी. मी नुसता डॉक्टर."

तेव्हा कुठं ते बोट खाली आलं.