सारवलेली भट्टी

माझी धाकटी जाऊ वसईहून लग्न होऊन आमच्या कल्याणच्या घरात आली, त्या दिवसापासून मला ती आवडली नाही. कारण विचाराल तर सांगण्यासारखं काही नव्हतं. कामाला वाघ, बोलायला मऊ, आणि टोचून बोललं तरी चिडायची नाही. अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

तोवर मामंजींचा सगळा जीव माझ्यावर होता. मला अक्षरओळख त्यांनीच करून दिलेली. पुढे त्यांची नजर मंदावली तेव्हा दुपारी पोथी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. दुधाचा पेलाही ते माझ्याच हातून घेत. सासरी आलेल्या मुलीला याहून मोठा मान कोणता? तो कोणाबरोबर वाटून घ्यायला मी तयार नव्हते.

मग मामंजी आजारी पडले आणि उठले ते दात आणि भूक दोन्ही गमावून. वैद्यांनी सांगितलं, दुधात सहज विरेल असं काही भाजलेलं द्या. बाजारातली नानकटाई त्यांना चालेना. कोणी मळली, कोणत्या हातांनी, देव जाणे. तेव्हा ती घरीच करायची ठरली आणि त्यासाठी परसात भट्टी घालणं आलं.

भट्टीचं तंत्र चुलीसारखं नसतं. आत लाकडं जाळायची, विटांचा घुमट तापला की निखारे ओढून काढायचे, आणि मागे उरलेल्या धगीवर भाजायचं. ती धग पळून जाऊ नये म्हणून तळाखाली आणि घुमटावर वीतभर भरण घालतात, वरून मातीचा लेप देतात. हे भरण कशाचं, यावरून आमचं पहिल्याच दिवशी वाजलं. मी म्हटलं, नदीची वाळू. भडभुंज्याची वाळू एकदा तापली की किती वेळ निवत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"जाऊबाई, वाळू सगळी धग स्वतःच पिऊन बसते," ती म्हणाली. "माझ्या माहेरच्या शेजारी भट्ट्या होत्या. ते लोक भाताच्या तुसाची राख घालायचे."

"दात घासायची राख? मामंजींना आता तिचा तसाही उपयोग नाही."

ती हसली. ओसरीवरून मामंजीही हसले आणि म्हणाले, "परस काही लहान नाही. दोघी दोन भट्ट्या घाला."

दिरांनी तिच्यासाठी आंबिवलीहून तुसाची पोती आणली. नवी नवलाई होती, आणायचेच. तिने तूस जाळून काळी राख केली आणि भरली. मी नदीवरून वाळू आणवली. माझ्या भट्टीने लाकडांचा ढीग गिळला, वाळूवरचा लेप मात्र बाहेरून हाताला चटके देऊ लागला आणि आतली नानकटाई पांढरीफटक राहिली. तिची पहिल्याच घाण्याला बदामी उतरली. वास परसभर सुटला, तेव्हा मी तोंड फिरवून विहिरीवर गेले.

शेवटी मीही वाळू काढून टाकली. तिच्याकडची उरलेली राख मी मागितली नव्हती, तीच आपण होऊन टोपलीत घेऊन आली, आणि हे मला जास्तच झोंबलं. पण राख भरूनही माझी भट्टी तापेना. उलट पेटवली की घुमटातून वाफ निघे.

"तुम्ही रोज सारवता ना, ते पाणी राखेत मुरतं," ती म्हणाली. "ओल्या राखेत धग टिकत नाही. भट्टीला सारवण नको, जाऊबाई."

आता मला शिकवणार ही! सारवल्याशिवाय या घरात चूल पेटत नव्हती. मामंजी सकाळी डोळे उघडले की आधी विचारत, "चूल सारवली का?" माझी भट्टी शेणाने गुळगुळीत सारवलेली, पुढे रांगोळीची दोन बोटं. तिची भेगाळलेली, काजळलेली, दव लागू नये म्हणून झाप पांघरलेली. उकिरडा बरा दिसेल. आणि मामंजी रोज तिच्याच भट्टीची नानकटाई दुधात बुडवून खात. पेलाही आता तीच नेई. त्यांच्या गालांवर मांस चढू लागलं, घरातले सगळे आनंदले, आणि मी जळत होते. ते बरे व्हावेत असं मलाही वाटत होतं, पण माझ्या हातून.

एका दुपारी मी पोथी घेऊन गेले, तर ती त्यांच्या पाटाजवळ बसली होती. माझ्या जागेवर. मला पाहून लगेच सरकली, पण उठली नाही.

माझ्याने राहवलं नाही. पोथी न उघडताच मी म्हटलं, "मामंजी, तुम्हाला दिसत नाही म्हणून सांगते. हिची भट्टी एकदाही सारवलेली नाही."

मला वाटलं, हातातली नानकटाई ते खाली ठेवतील. तिने मान खाली घातली. मामंजींनी सावकाश तुकडा दुधात बुडवला, तोंडात घातला आणि विरू दिला.

"ठाऊक आहे मला," मग ते म्हणाले. "तिनं पहिल्याच दिवशी येऊन विचारलं होतं, नाही सारवली तर चालेल का म्हणून. मी म्हटलं, चालेल."

मी पोथी उघडली. इतकी वर्षं मी त्यांचा नेम डोळे मिटून पाळत आले होते. त्यांना विचारून पाहावं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.