पोफळीच्या शेंड्यावरचं हेलिकॉप्टर

तमाम जनतेस कळवण्यात येतं की, पन्नाशी उलटल्यावर, कोणाचीही मागणी नसताना, मी दिवेआगरच्या आमच्या वाडीतून हवाई वाहतूक सुरू केली. विमानतळ म्हणजे सारवलेलं अंगण. ताफ्यात एकच यंत्र: रिमोटवर उडणारं, तळहातावर मावणारं लाल हेलिकॉप्टर.

"किनाऱ्यावर जाऊन उडवा," बायको ओट्यावरून म्हणाली. "इथे वर माणूस आहे."

माणूस म्हणजे आमच्या सुपाऱ्या काढणारा गडी. तो एका पोफळीवर चढला की खाली उतरतच नाही. शेंडा वाकवून झोका घेतो, पुढची पोफळ पकडतो आणि असा वरच्या वर वाडीभर फिरतो. वादळाने मधली झाडं नेल्यापासून त्याचे झोके लांबलेत.

पण किनाऱ्यावर दुपारचा खारा वारा होता आणि अंगणात पान हलत नव्हतं. वारा वाडीच्या डोक्यावरून जातो, हे जन्मभर इथे राहून मला ठाऊक होतं. माझं यंत्र तितक्या उंच जाईल, हे मात्र मी धरलंच नव्हतं.

ते गेलं. शेंड्यांच्या वर निघालं आणि वाऱ्याने त्याला गर्रकन फिरवलं. त्याचं नाक आपल्याकडे झालं की रिमोटचं डावं-उजवं उलटं होतं, ही गोष्ट मला त्या क्षणी कळली. मी त्याला गड्यापासून लांब न्यायला गेलो, ते घूं घूं करत त्याच्याच कानाशी पोचलं. तो नेमका झोक्यात होता: पाय एका पोफळीला, एक हात दुसरीला.

त्याने डोळे मिटले आणि तो तसाच थिजला. आमच्याकडे वर गांधीलमाशा उठल्या की असंच करतात. हलायचं नाही, बोलायचं नाही. खालच्यांनीही गप्प राहायचं, कारण माणूस दचकला की हात सुटतो. त्यामुळे अरे, ही माशी नव्हे, असं ओरडून सांगायचीही सोय नाही. रिमोट बंद करावा, तर हेलिकॉप्टर थेट त्याच्या मानेवर येणार. अंगठा घामाने रिमोटवरून घसरत होता. दोन वाकलेल्या पोफळी करकरत होत्या. बायकोने हातातलं सूप खाली ठेवलं, तेही आवाज न करता.

शेवटी वाऱ्यानेच ते जरा बाजूला ढकललं. मग बॅटरी संपली. हेलिकॉप्टर एकदा खोकलं आणि पलीकडच्या झावळीत जाऊन अडकलं. गड्याने डोळे न उघडताच पुढची पोफळ दोन्ही हातांनी कवटाळली आणि पाय ओढून घेतले.

"वयनी," वरून बारीक आवाज आला, "गेली काय? बरीच मोठी व्हती. पोळं कुठं हाय ते बघा आधी."

मी तोंड उघडणार, तोवर बायको मोठ्याने बोलून गेली, "पोळं इथे खालीच उभं आहे, हातात रिमोट घेऊन."