मागे बसून न बोलणारी बाई

दारव्ह्याचा आठवडी बाजार ज्या मैदानात भरतो, ते मैदान बाकीचे दिवस मोकळं पडून असतं. कांद्याची टरफलं वाऱ्यावर फिरतात, बकऱ्या कोबीची पानं शोधतात, आणि सकाळी ऊन कोवळं असताना तिथं एक बाई टाळ्या वाजवत उभी असते. साडीचा पदर कमरेला खोचलेला, डोक्याला रुमाल, पायात मोजे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाई पाखरं हाकलते आहे. जवळ गेलं की आवाज ऐकू येतो, "वा! वा गं माझी वाघीण! अशीच ये!" आणि समोरून कुणाची सून, कुणाची आई, थरथरत्या स्कूटीवर जीव मुठीत धरून येत असते.

ह्या पद्मजाबाई. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी बायांना त्यांनी गाडी शिकवली. शहरातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण आमच्याकडे खेड्यातल्या बाईला तालुक्याला यायचं, तर जीप भरेपर्यंत उन्हात उभं राहावं लागतं, नाहीतर नवऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. ज्या दिवशी ती आपल्या गाडीची चावी कमरेला खोचते, त्या दिवशी तिचं चालणं बदलतं. ते बदललेलं चालणं पाहायला आमच्या दारव्ह्यात यावं.

पद्मजाबाईंची एक रीत होती. शिकवणं संपलं की गाडीला हळदकुंकू लागायचं, नारळ फुटायचा, आणि पद्मजाबाई मागच्या सीटवर बसायच्या. शिकणारीनं त्यांना गावातून फिरवून आणायचं. त्या फेरीत पद्मजाबाई एक शब्द बोलत नसत. मागे कुणी बसलं आहे हे विसरून जावं, एवढ्या गप्प.

ह्या गप्प बसण्यामागे वामनराव होते. वामनराव म्हणजे पद्मजाबाईंचे यजमान, वीज कार्यालयातून निवृत्त झालेले. माणूस सरळ, निर्व्यसनी. पण त्यांची नजर जिथं पडेल तिथं चूक सापडायची. वरणातलं मीठ, दाराची कडी, वाळत घातलेल्या चादरीची दुमड. लग्नानंतर त्यांनी हौसेनं लूना आणली, बायकोला पुढे बसवलं, आपण मागे बसले आणि बोलू लागले. "हँडल सरळ धर. सरळ म्हटलं ना? तो खड्डा दिसत नाही? इकडेतिकडे काय पाहतेस?" प्रत्येक वाक्याला पद्मजाबाई म्हणायच्या, "समजलं." एके दिवशी चौकात त्यांनी लूना थांबवली, खाली उतरल्या आणि पायी घरी गेल्या. त्यानंतर अर्धं आयुष्य त्यांनी हँडलला हात लावला नाही.

मुलगी केतकी नोकरीसाठी पुण्याला गेली, तिची स्कूटी अंगणात राहिली, तेव्हा कुठे पद्मजाबाई कुणाला न सांगता ह्या मैदानात आल्या. पडल्या, उठल्या. पडल्या की स्वतःलाच म्हणायच्या, "वा गं!" गाडी चालवता येऊ लागली. मग शेजारीण आली, शेजारणीची बहीण आली. पद्मजाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ह्या बायांना घरी चुका सांगणारे पुष्कळ आहेत. त्या ऐकायला त्यांनी माझ्याकडे येऊ नये.

निशिगंधा आली ती कापूस वेचणीला आला होता तेव्हा. नाल्यापलीकडच्या एका लहान गावची, आशाताईचं काम करणारी. पोटुशी बाई तपासणीला न्यायची, लसीचा डबा आणायचा, तर दरवेळी नवऱ्याला विनवावं लागे. नवरा राजकुमार घरच्या शेतीत राबणारा, मनाचा वाईट नव्हता, पण बोलणं काट्यांचं.

"काकू, मले जमन का?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. "हे म्हणतात, तुले बकरी धड बांधता येत नाही, गाडी काय चालवशीन?"

"बकरी आपणहून पळते. गाडी तू म्हणशील तेव्हाच पळते," पद्मजाबाई म्हणाल्या. "बस."

निशिगंधा हसली आणि बसली. तोल तिला लवकर साधला. वळण साधलं. फक्त एक गोष्ट होती. भीती वाटली की ती ब्रेक विसरायची, दोन्ही पाय खाली सोडायची आणि चपला घासत गाडी थांबवायची. मैदानात माती भुसभुशीत, गाडी हळू. थांबून जायची. पद्मजाबाई ते पाहायच्या. सांगायला तोंड उघडायच्या, आणि समोर निशिगंधाचा चेहरा दिसायचा. घाम, आणि घामातून फुटू पाहणारं हसू. त्या टाळ्या वाजवायच्या.

वामनराव दुधाची पिशवी घेऊन मैदानावरून जायचे. एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "ती आशावाली पोरगी पायानं गाडी थांबवते."

"शिकते आहे अजून."

"शिकते आहे म्हणून तर सांगायचं. उतारावर पाय खाली सोडले की मोडतील. तू सांगितलंस का तिला?"

"तुम्हाला दुसऱ्याच्या चुकांशिवाय काही दिसतं का हो?"

वामनराव चहात बिस्किट बुडवत राहिले. "दिसतं. पण चहा पातळ झाला तर पातळच म्हणणार ना?"

पद्मजाबाई उठून आत गेल्या. सांगायला हवं, हे त्यांनाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी सांगू, असं त्यांनी ठरवलंही होतं. पण आता सांगितलं, तर ते वामनरावांचं सांगणं झालं असतं. त्यांचंच वाक्य आपल्या तोंडातून त्या पोरीच्या अंगावर पडलं असतं. त्या आठवड्यात निशिगंधानं साठवलेल्या पैशांतून जुनी स्कूटी घेतली आणि नारळ फुटला. पद्मजाबाई मागे बसल्या, गप्प. बाजाराच्या तोंडाशी निशिगंधानं दोनदा पाय खाली सोडले. उतरल्यावर पद्मजाबाई म्हणाल्या, "एकदम फर्स्ट क्लास."

निशिगंधाच्या गावाला जाताना नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका फरशीपूल आहे, आणि रपट्याकडे उतरणारा मुरमाचा उतार. एका दुपारी त्या उतारावर ती खाली येत होती आणि समोरून कापसानं भरलेला ट्रॅक्टर आला. तिनं दोन्ही पाय सोडले. गाडी थांबली नाही. उजवा पाय गाडीखाली आला आणि घोट्यापाशी मोडला.

पद्मजाबाई भेटायला गेल्या तेव्हा ती पडवीत खाटेवर पडली होती. पाय प्लास्टरमध्ये. सासू तानाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं वर न पाहताच म्हटलं, "या, मास्तरीणबाई. तुमची वाघीण पाहा कशी पडून राह्यली."

राजकुमार दारातून म्हणाला, "मॅडम, तुमी तर म्हणत होत्या फर्स्ट क्लास चालवते. मी म्हणलं होतं हिले, तुयाच्यानं होणार नाही. पलस्तर निंगू द्या, गाडी इकूनच टाकतो. पुन्हा नाव नाही घ्यायचं."

तो बैलांकडे गेला. तानाबाई चहा ठेवायला आत गेली. निशिगंधानं प्लास्टरवरची धूळ झटकली. मग म्हणाली, "काकू, त्या ट्रॅक्टरवाल्यानं सांगतलं, बाई, तुमी ब्रेकच नाही दाबला. पाय काहून सोडले? मी म्हणलं, मी तर नेहमी तसंच करतो." तिनं मान वर केली. "तुमी पाह्यलं होतं?"

पद्मजाबाईंना नाही म्हणता आलं असतं.

"पाहिलं होतं," त्या म्हणाल्या.

"रोज?"

"रोज."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"तुझं हसू जाईल म्हणून."

निशिगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ते आलं असतं तर पद्मजाबाईंना सोपं गेलं असतं. "आमचे हे माह्यात नसलेल्या चुका काढतात," ती हळूच म्हणाली. "तुमी असलेली लपवली. मले तर दोघायनंबी लहानच समजलं, काकू."

तानाबाईनं चहा आणला. पद्मजाबाईंनी तो कसाबसा संपवला.

त्यानंतर मैदानात बाया कमी झाल्या. ज्या आल्या, त्यांच्यासमोर पद्मजाबाईंची टाळी अर्ध्यात थांबायची. घरी वामनराव एकदाही म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं. चहा पातळ झाला तरी पिऊन टाकायचे. त्या न बोलण्याचाही पद्मजाबाईंना राग येई.

प्लास्टर निघालं, सूज उतरली, आणि निशिगंधाचा फोन आला. "काकू, गाडीले गिऱ्हाईक येऊन राह्यलं. त्याच्या आधी एकदा या. मांगं बसा. पण मुक्या बसू नका."

राजकुमार शेतात होता. निशिगंधा थोडी लंगडत गाडीपाशी आली. तिनं हँडल धरलं. पद्मजाबाई मागे बसल्या. गाव मागे पडलं, उतार सुरू झाला, खाली रपटा दिसू लागला. चाकाखाली मुरूम करकरला आणि निशिगंधाचे दोन्ही गुडघे बाहेर सरकले.

"पाय वर! ब्रेक दाब! दाब म्हटलं ना!"

तो आवाज वामनरावांचा होता. तोच चढा सूर, तोच 'म्हटलं ना'. पद्मजाबाईंच्या तोंडातून निघाला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर निशिगंधाचे खांदे कानांपर्यंत आक्रसले. लूनावर आपले खांदे असेच आक्रसायचे, हे त्यांना तेव्हा आठवलं. पण पाय फळीवर आले. गाडी हिसका देऊन थांबली.

"समजलं," निशिगंधा म्हणाली.

हा शब्द पद्मजाबाईंना ओळखीचा होता. ह्या शब्दानंतर काय होतं, तेही त्यांना ठाऊक होतं.

"उतरा, काकू."

त्या उतरल्या. आता ही चावी काढेल आणि लंगडत घरी जाईल, असं वाटून त्या नाल्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पण गाडी सुरूच होती. निशिगंधानं ती वळवली, चढावर नेली, वरच्या बाभळीपाशी पुन्हा वळवली आणि एकटी खाली उतरू लागली. मुरूम करकरला. गुडघे जागचे हलले नाहीत. रपट्याच्या अलीकडे ब्रेक लागला आणि मगच एक पाय जमिनीला टेकला.

पद्मजाबाईंचे हात टाळीसाठी आपोआप वर गेले होते.

"टाळ्या मंग वाजवा," निशिगंधा म्हणाली. चेहऱ्यावर घाम होता, हसू नव्हतं. "आता सांगा."

हात खाली आले. सांगण्यासारखं होतं. त्यांनी आवाज होता होईल तेवढा खाली आणला. "पाय नीट राहिले. ब्रेक उशिरा लावलास. अजून वरून, हळूहळू दाबत यायला हवं."

निशिगंधाचा चेहरा क्षणभर उतरला. तो उतरलेला पद्मजाबाईंनी पाहिला. मान वळवावीशी वाटली, पण त्यांनी वळवली नाही.

निशिगंधानं ओढणी डोक्याभोवती घट्ट बांधली आणि गाडी पुन्हा चढाकडे वळवली. दूर तुरीच्या शेताच्या बांधावर राजकुमार खांद्यावर दोर टाकून उभा होता. तो कधीपासून पाहत होता, कोण जाणे.