कात्रीमावशीचं नवं मशीन

कापड कापताना तिची कात्री अडखळत नसे आणि बोलताना जीभ, म्हणून अख्खी गल्ली तिला कात्रीमावशी म्हणायची. नवऱ्यामागे तिने मुलाला वाढवलं ते जिन्याखालच्या खोलीत, एका कुरकुरणाऱ्या शिलाई मशीनवर. मुलगा बसचा ड्रायव्हर झाला आणि त्याने हौसेने आईला नवंकोरं मशीन आणून दिलं. मावशी त्यावर रोज फडकं मारायची, सुनेलाही हात लावू द्यायची नाही.

तेच मशीन तिने एके दिवशी समोरच्या माडीवरच्या पोरीला देऊन टाकलं. पोरीला नवऱ्याने टाकलेलं, कडेवर मूल. शिवायला शिकायचं होतं, पण मशीन घ्यायची ऐपत नव्हती.

घरात भडका उडाला.

"द्यायचंच होतं तर जुनं द्यायचं ना, आई!" मुलगा कळवळून म्हणाला. मावशीलाही आत तुटलं, पण नमतं घेईल तर ती मावशी कसली!

"जुनं फक्त माझं ऐकतं. त्याला कुठे चापट मारायची, कुठे गोंजारायचं, ते मलाच ठाऊक. शिकणारीचा दोरा सारखा तुटला तर तिला वाटणार, आपल्यालाच जमत नाही. आणि हे बघ, तुम्ही प्रार्थनेला जाता, मी जात नाही. माझी पूजा ती हीच. देवापुढे काय घरातली अडगळ ठेवायची?"

"आणि आमच्यापुढे काय?" सून फणकारली.

"तुमच्यापुढे मी आहे की," असं म्हणून मावशी जुन्या मशीनवर जाऊन बसली.

पोर चलाख निघाली. बघता बघता माडीवर पाटी लागली आणि मावशीची गिऱ्हाइकं तिकडे वळली. म्हातारीने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला म्हणत गल्लीने तोंडसुख घेतलं. मावशी ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण रिकामे हात तिला खायला उठत. उतारवयात मुलापुढे हात पसरावा लागणार, हा विचार तिची पाठ सोडत नसे.

मग वारं फिरलं. पोरीने शिवलेला सदरा घेऊन एक बाई तणतणत मावशीकडे आली. हात पुढे केला की काखेत चुण्या पडत होत्या, बाही ओढत होती. मावशीने सदरा उलटून पाहिला आणि तिला लगेच कळलं. बाही जोडायची ती गोलाई, म्हणजे मुंढा, पोर पुढून आणि मागून सारखाच कापत होती. पुढचा जरा खोल घ्यायचा असतो. तो किती आणि कसा, हे मावशीने आजवर कुणालाही दाखवलं नव्हतं. त्या गोलाईवरच तर तिची चूल पेटत आली होती.

बाई गेल्यावर सून हरखून म्हणाली, "आता तुम्ही फक्त गप्प बसा, आई. सगळे झक मारत परत येतील."

मावशीने चष्मा चढवला, कात्री घेतली आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, रस्ता ओलांडून माडी चढली. मागून सून हाका मारत राहिली.

तिला दारात पाहून पोरीला रडूच फुटलं. "मावशी, माझ्यामुळे तुमच्या पोटावर पाय आला. घेऊन जा तुमचं मशीन."

"माझं? पुन्हा म्हणालीस तर थोबाड फोडीन. दिलेलं परत न्यायला मी काय लग्नाला भाड्याने भांडी देऊन परत मोजून घेणारी वाटले तुला? डोळे पूस, कापड भिजतंय."

पोरीने पदराने डोळे पुसले. मावशीने कापड पसरून त्यावर खडूने रेघ ओढली. क्षणभर तिचा हात थांबला. मग ती स्वतःवरच खेकसल्यासारखी बोलली.

"मशीन दिलं आणि मुंढा ठेवला स्वतःकडे. मोठी आली पूजा करणारी! इकडे सरक. पुढचा असा कापायचा."