मामांचा उजवा खांदा

मामा साडी दाखवत नसत, फेकत. घडीचं टोक चिमटीत धरून उजवा हात असा झोकायचे की साडी शेवटच्या बाईच्या गुडघ्यापर्यंत उलगडत जायची. मग म्हणायचे, "वैनी, दोनी घरी न्या. नको ती परत आणा. दुकान काय पळून जातंय व्हय?"

मंगळवार पेठेत, हे सगळ्यांचे मामा ज्या साड्यांच्या दुकानात नोकरीला होते, त्याला लागून माझं पुस्तकांचं दुकान आहे. माझ्याकडे गिऱ्हाईक बेताचं, त्यामुळे हा खेळ बघायला वेळ भरपूर. असे विक्रेते तुम्हीही पाहिले असतील. पण हा माणूस दर फेकीला घाबरलेला असतो, हे मला एका बस्त्याच्या दिवशी कळलं.

दुकानभर वऱ्हाडाच्या बायका बसल्या होत्या. मामांनी शालू झोकला आणि हात तसाच लोंबकळला. खांदा निखळला होता. नवरीच्या आईला तो अपशकुन वाटला. बायका चपला शोधू लागल्या.

मामा मागच्या खोलीत गेले. बाकावर पालथे पडले, हात खाली सोडला आणि मला मनगटाला साड्यांचा गठ्ठा बांधायला लावला. ही तालमीतल्या वस्तादांनी तरुणपणी शिकवलेली युक्ती. "दर फेकीला हीच भीती असती बघा," ते पडल्या पडल्या म्हणाले. थोड्या वेळानं खट्‌ आवाज आला. मामांनी उठून चहा मागवला. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि आम्हा सगळ्यांना त्याचं कौतुक होतं.

मालकांचा मात्र त्या दिवशी हातचा बस्ता गेला होता. पुन्हा असं झालं तर मामांना गादीवरून उठवून दाराशी, गिऱ्हाइकांना या-बसा करायला बसवू, असं ते म्हणाले. मामा झोपतानाही हात अंगाशी बांधून घेऊ लागले. जोतिबाला गेलो, तर सगळे गुलाल उधळताना हे उजवा हात खिशात घालून उभे. शेवटी मीच त्यांना डॉक्टरकडे नेलं.

दवाखान्याच्या दालनात खोटा धबधबा होता आणि भिंतीवर खेळाडूंसोबत डॉक्टरांचे फोटो. एका फोटोत तर बॅट डॉक्टरांच्याच हातात होती. आत मात्र माणूस साधा निघाला. खांदा कोण बसवतं, एवढंच त्यांनी आधी विचारलं.

"मीच की," मामा अभिमानानं म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दर वेळी निखळताना आणि बसताना खांद्याच्या वाटीची कड झिजत गेली होती. आता दोन मार्ग होते. एक दुर्बिणीची शस्त्रक्रिया: छोट्या छिद्रांतून फाटलेलं आवरण वाटीच्या कडेला पुन्हा टाचायचं. दुसरी मोठी: खांद्याच्याच पुढच्या हाडाचा तुकडा कापून झिजलेल्या कडेवर स्क्रूनं बसवायचा. पहिलीत खांदा पुन्हा निखळण्याची भीती, दुसरीत नस दुखावण्याची. एवढ्या झिजेला दुसरीच बरी, असं त्यांचं मत.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दुर्बिणीची करून बघू. न्हाय जमली तर ती दुसरी."

"करता येते," डॉक्टर म्हणाले. "पण एकदा उघडलेला खांदा पुन्हा पहिल्यासारखा कोरा मिळत नाही."

मामांनी दुसरी निवडली. नंतर जिन्यात कठडा धरून बसले. 

शस्त्रक्रियेनंतर ते शुद्धीवर आले, तेव्हा उजव्या हाताला काहीच कळत नव्हतं. भुलीच्या इंजेक्शननं हात काही तास बधिर राहील, असं डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. मामांना ते आठवेना आणि मला आठवूनही खरं वाटेना. ते डाव्या हातानं उजवी बोटं चाचपत होते, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

"पुस्तकवाले, हात गेला की ओ."

मी खूप वाचलेला माणूस. त्या दुपारी मी नुसती त्यांची बोटं चोळत बसलो. दिवस कलला तेव्हा अंगठा हलला. मामा त्याच्याकडे बघत राहिले, आणि मी उगाच खिडकी लावायला उठलो.

नंतर खांदा कधीच निखळला नाही. डॉक्टर म्हणाले, आता बिनधास्त वापरा. मामा गादीवर परतले, पण साडी घडी घडी करून, कोपर अंगाशी धरून उलगडू लागले. बायका कंटाळून दुसऱ्या विक्रेत्याकडे वळत. मालकांना काही बोलावं लागलं नाही. एके दिवशी मामा स्वतःच दाराशी जाऊन बसले, आणि काही महिन्यांनी वारणानगरला लेकीकडे राहायला गेले.

मध्यंतरी भेटून आलो. तब्येत झकास, आवाज तोच. स्टँडवर सोडायला आले होते. एका हातात माझ्यासाठी लेकीनं दिलेली पिशवी, एक हात मोकळा. मी पिशवी घेऊन खिडकीशी बसलो. गाडी सुटली, तसा त्यांचा उजवा हात उठला, छातीपर्यंत आला आणि थांबला. क्षणभर त्यांनी खांद्याकडे पाहिलं. मग तो हात हळूच खाली घेतला आणि डावा वर केला.