एलियाहू नबींचा पेला

त्या वर्षी वल्हांडण सणाचं ताट मांडावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. लढाईचा काळ होता. लोणंदच्या रेल्वे चाळीत आमचं एकच इस्राएली, म्हणजे यहुदी, घर. हे स्टेशनावर तारबाबू, आणि मुदतीच्या तापानं कितीतरी दिवस खाटेवर पडून होते. सणाच्या दुपारी डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "ताप आज उतरलाच पाहिजे. डोक्यावर ठेवायला बर्फ मिळतो का बघा." लोणंदला बर्फ कुठला? पुण्याहून मागवायचा म्हटला तरी दुसरा दिवस उजाडणार. मला देवाचा भयंकर राग आला. मिसराच्या गुलामीतून पूर्वजांना सोडवलंस म्हणून तुझे आभार मानायचे, आणि माझा माणूस डोळ्यांदेखत जातोय त्याचं काय, असं मी चुलीपाशी बसून त्याला विचारलं.

तरी ताट मांडलं. हाताला सवय असते. बिनखमिराच्या पोळ्या आदल्या दिवशीच करून ठेवल्या होत्या. पूर्वजांनी गुलामीत कालवलेल्या चिखलाची आठवण म्हणून खजुराचा शिरा, त्यांच्या आसवांचं मीठपाणी, उकडलेलं अंडं, मेंढीच्या पायाचं भाजलेलं हाड, आणि त्या कष्टांची कडू भाजी म्हणून कडुलिंबाचा पाला. शेजारच्या वैनी ह्यांच्या कपाळावरची पट्टी बदलत होत्या. ताटाकडे बघून म्हणाल्या, "पाडव्याला आमी बी लिंब खातो, पर आजाऱ्याच्या घरात हाड कशापायी मांडलंय?" सुटकेच्या रात्री कापलेल्या कोकराची ती आठवण, एवढंच मी सांगितलं.

राहिला एलियाहू नबींचा पेला. मनुकांचं शरबत भरून तो ठेवायचा आणि त्या रात्री घरोघर येतात म्हणतात त्या नबींसाठी दार उघडायचं, ही रीत आमच्या जुन्या माणसांत नव्हती. ह्यांनी मुंबईला कुणाच्या घरी पाहून ती उचलली होती. मी दर वर्षी थट्टा करायचे, "नबी पॅसेंजरनं येणार की मेलनं?" त्या संध्याकाळी थट्टा करायला समोर माणूस शुद्धीवर नव्हता. वैनी कळशी घेऊन नळावर निघाल्या आणि जाता जाता बजावून गेल्या, "दार लावून घ्या, वारं लागंल." ताप आल्यापासून मीही ते लावूनच घेत होते. पण ह्यांची रीत मोडायला मन होईना. पेला भरला आणि दार सताड उघडलं.

स्टेशनात मिलिटरीची गाडी पाणी घ्यायला थांबलेली. सोल्जरांच्या भीतीनं चाळीतली बाकीची दारं बंद होती. उजेड बघून एक जवान आमच्या उंबऱ्याशी आला. "आक्का, वाईच पाणी मिळंल का?" घरातलं होतं नव्हतं ते पाणी पट्ट्यांना लागलं होतं. प्यायला एवढा पेलाच उरला होता. मी अडखळले. तो असा कुणाला द्यायचा नसतो. पण तहानेल्या माणसाला दारातून परत कसं पाठवायचं? दिला.

उभ्यानंच त्यानं तो रिकामा केला. "लय ग्वाड हाय," म्हणाला, आणि मग त्याची नजर खाटेकडे गेली. "मालक आजारी हायत व्हय?" मी बोलत सुटले, बर्फाचंही सांगितलं. तो पेला ठेवून पळाला. मला वाटलं, तहान भागली, गेला बापडा.

इंजिनाची शिट्टी झाली तेव्हा तो परत धावत आला. खांद्यावर ओलं पोतं, त्यातून लाकडाचा भुसा गळत होता. "गाडीतल्या दवाखान्याच्या डब्यातला बर्फ हाय. डाक्टरसायबांनीच दिला. फोडा आन् बिगीबिगी लावा." नाव विचारीन म्हणेपर्यंत गाडी हलली, आणि तो तिच्यामागं धावला.

नळावरून परतलेल्या वैनी बर्फ फोडत राहिल्या, मी ह्यांच्या डोक्यावर धरत राहिले. पहाटे ह्यांना घाम फुटून ताप उतरला. ह्यांनी डोळे उघडले आणि खोल आवाजात पेज मागितली. मी पदर तोंडाला लावून हुंदके देऊन रडले.

तो कोण होता, नबी की साधा जवान, याचा वाद मी आजवर कुणाशी घातला नाही. त्याच्या पायात पलटणीचे बूट होते आणि बोली सातारकडची होती, एवढं मी पाहिलं. लोक म्हणतात, तुमची श्रद्धा मोठी. खरं सांगायचं तर मी दार श्रद्धेनं उघडलं नव्हतं. देवावर रुसून, केवळ ह्यांच्यासाठी उघडलं होतं. देवानं तेवढ्यावर भागवून घेतलं.